अकरावी सायन्सला मॅथ्स सोडलं तर चालतं का? बोर्डाचा नियम काय आणि अडचण नक्की कुठे येते

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिंहगड रोडला राहणाऱ्या एका ताईंची मुलगी स्टेट बोर्डातून दहावी झाली, ८६ टक्के, त्यात सायन्सला ८४ आणि मॅथ्सला ६१. अकरावी सायन्स घ्यायचं हे नक्की, पण मुलगी म्हणते मॅथ्स नको, बायो घेते. वडील म्हणतात मॅथ्स सोडलं म्हणजे सगळं संपलं, क्लासवाले म्हणतात पीसीएमबीच (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो) घ्या, आणि शेजारच्या काकूंनी सांगितलंय की आता मॅथ्सशिवाय पण इंजिनिअरिंग होतं आणि दहावीला २० मार्कांत पण पास करतात. तर नियम काय आहे ते कोणीतरी नीट सांगा, असं त्यांचं म्हणणं.

मी पुण्यातल्या एका ज्युनियर कॉलेजात बरीच वर्षं मॅथ्स शिकवते आणि जून-जुलैत ॲडमिशनच्या टेबलावर बसते, त्यामुळे हा प्रश्न दरवर्षी समोर येतो. ताई, आधी एक सांगते, तुमच्या घरात जे भांडण चाललंय त्यात बोर्डाचा नियम एक आणि पुढच्या कोर्सचा नियम दुसरा, या दोन्हीची खिचडी झालीये. बोर्ड दहावीपर्यंत कडक आहे, अकरावी-बारावीला ते जवळजवळ काहीच सक्ती करत नाही. सक्ती असते ती बारावीनंतरच्या कोर्सची, आणि ती बोर्डाच्या पुस्तकात छापलेली नसते, प्रत्येक कोर्सच्या माहितीपुस्तिकेत वेगवेगळी असते. म्हणून "मॅथ्स कंपल्सरी आहे का" याला बोर्डाकडून नाही असंच उत्तर मिळणार आणि ते खरंच आहे, पण त्या उत्तराचा तुम्हाला उपयोग शून्य.

दहावीचं पटकन सांगते कारण ते तुमचं झालंय. स्टेट बोर्डात नववी-दहावीला मॅथ्स आणि सायन्स दोन्ही घ्यावंच लागतं. मॅथ्सचे बीजगणित ४०, भूमिती ४० आणि अंतर्गत २० असे १००, सायन्सचे भाग एक ४०, भाग दोन ४० आणि प्रॅक्टिकल २०. पूर्वी सामान्य गणित म्हणून सोपा पर्याय होता, तो घेतला की अकरावीला मॅथ्स मिळायचं नाही, नवीन अभ्यासक्रम आल्यावर तो बंद झाला, त्यामुळे आता सगळ्यांना एकच गणित. पास व्हायला ३५, पण मॅथ्स आणि सायन्सला एकत्रित पासिंग आहे, म्हणजे दोन्ही मिळून ७० झाले आणि प्रत्येकात किमान २५ असले तरी मूल पास होतं.

काकूंची २० मार्कांची बातमी हवेतून आलेली नाही. राज्याच्या नवीन शालेय अभ्यासक्रम आराखड्यात तसं म्हटलंय आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ते पेपरात गाजलं होतं. पण त्यातला अर्धाच भाग लोकांच्या लक्षात राहिला. आराखड्यात असं आहे की मॅथ्स किंवा सायन्सला २० ते ३५ च्या मधे मार्क पडले तर पास करायचं, पण मार्कशीटवर शेरा मारायचा की या मुलाला पुढे मॅथ्स किंवा सायन्सवर आधारित शिक्षण घेता येणार नाही. म्हणजे ज्याला दहावीच्या कागदावर आयटीआय, आर्ट्स, नोकरी असं काही करायचंय त्याची गाडी दोन विषयांपायी अडू नये म्हणून ती सोय आहे, सायन्सला जाणाऱ्यासाठी नाही. आणि ती लागू होणार नवीन अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने वर सरकत दहावीपर्यंत पोचेल तेव्हा. तुमच्या मुलीचा त्याच्याशी काही संबंध नाही, सोडून द्या.

बाय द वे, ते ८६ टक्के पण एकदा वहीवर मांडून बघा. बोर्ड सहापैकी सगळ्यात चांगले पाच विषय धरून टक्के काढतं. मॅथ्सला ६१ असतील आणि बाकी सगळे ऐंशीच्या आसपास किंवा वर, तर मॅथ्स त्या ८६ टक्क्यांत बहुतेक मोजलेलंच नाहीये. बेस्ट ऑफ फाइव्हवर अकरावीचं मेरिट लागतं, कॉलेज छान मिळतं, आणि मग सप्टेंबरमध्ये पोरगी मॅथ्सच्या पहिल्या युनिट टेस्टला २५ पैकी ६ घेऊन घरी येते आणि आईवडिलांना कळत नाही की ८६ टक्क्यांच्या मुलीला झालं काय. काही झालेलं नसतं, जे होतं ते टक्क्यांच्या मागे झाकलेलं होतं.

आता अकरावी-बारावी. सहा विषय, प्रत्येकी १००, एकूण ६००. इंग्लिश सगळ्यांना. दुसरी एक भाषा, किंवा तिच्या जागी आयटी. आणि उरलेले चार ऐच्छिक. शिवाय पर्यावरण आणि आरोग्य व शारीरिक शिक्षण आहे, त्याला ग्रेड असते, ते सगळ्यांनाच. सायन्सला चार ऐच्छिक म्हणजे बहुतेक जण फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो घेतात, त्यालाच आपण पीसीएमबी म्हणतो. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोला ७० लेखी आणि ३० प्रॅक्टिकल, मॅथ्सला ८० लेखी आणि २० प्रॅक्टिकल. यात एक गोष्ट नीट बघा: पीसीएमबी घेतलं तर विषय वाढत नाहीत. सहाचे सहाच राहतात. मॅथ्स सोडलं तर ती जागा रिकामी राहत नाही, तिथे दुसरं काहीतरी घ्यावंच लागतं, जॉग्रफी, सायकॉलॉजी, जे तुमच्या कॉलेजात शिकवतात ते. म्हणून "मॅथ्स सोडून ओझं कमी करू" हे म्हणणं अर्धंच बरोबर आहे. जॉग्रफी मॅथ्सपेक्षा सोपी जाते हे कबूल, पण तिचंही पुस्तक आहे, प्रॅक्टिकल आहे, जर्नल आहे. आणि कॉलेज निवडताना तिथे मॅथ्सच्या जागी काय मिळतं हे आधी विचारा, कारण पुण्यात पण बऱ्याच कॉलेजांत एक नाहीतर दोनच पर्याय असतात, आणि ऑनलाइन ॲलॉटमेंटमध्ये कॉलेज मिळून गेल्यावर तिथे सायकॉलॉजी नाहीच असं कळलं की मग धावपळ.

बायफोकल हा वेगळा प्रकार आहे. कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स, फिशरी असे विषय, २०० मार्कांचे, त्यातले निम्मे प्रॅक्टिकलचे. ते घेतलं की दुसरी भाषा सुटते आणि चार ऐच्छिकांपैकी एक सुटतो. कॉम्प्युटर सायन्सवाले सहसा बायो सोडतात आणि इंजिनिअरिंगकडे जाणाऱ्यांना ते परवडतं कारण प्रॅक्टिकलचे मार्क चांगले पडतात. पण बायो सोडून बायफोकल घेतलं की नीट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, संपली, आणि मॅथ्स सोडून घेतलं की इंजिनिअरिंग अवघड झालं, आणि हे सगळं पंधरा वर्षांची मुलं मैत्रीण काय घेते ते बघून ठरवतात. तुमच्या मुलीचं अजून काही ठरलेलं नाही, तर बायफोकलच्या वाटेला जाऊ नका असं माझं मत.

आता मुद्द्याचं, कुठल्या कोर्सला काय लागतं.

इंजिनिअरिंगपासून सुरू करते कारण काकूंनी गोंधळ तिथेच घातलाय. २०२१ साली एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या हँडबुकात बारावीच्या १४ विषयांची यादी आली, त्यात बायोलॉजी होती, ॲग्रिकल्चर होतं, अगदी बिझनेस स्टडीज पण होतं, आणि त्यातले कुठलेही तीन चालतील असं म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी सगळीकडे गणिताशिवाय इंजिनिअरिंग अशा हेडलाइन. पुढच्याच वर्षी बहुतेक शाखांना फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स परत लावलं, पण ती बातमी कोणी फॉरवर्ड केली नाही. आणि यादीत काहीही असलं तरी आपल्या राज्यात इंजिनिअरिंगची डिग्री ॲडमिशन होते एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या पीसीएम ग्रुपवर नाहीतर जेईई मेन या देशपातळीवरच्या परीक्षेवर. सीईटीचा पीसीएम पेपर २०० मार्कांचा, फिजिक्स ५०, केमिस्ट्री ५० आणि मॅथ्स एकटं १००, कारण मॅथ्सच्या प्रत्येक प्रश्नाला दोन मार्क. निम्मा पेपर मॅथ्सचा आहे आणि बारावीला मॅथ्स घेतलेलंच नाही, अशा मुलीने सीओईपीचं तर सोडाच, कुठल्याही बऱ्या कॉलेजचं स्वप्न कसं बघायचं? तर डिग्री इंजिनिअरिंगला मॅथ्स लागतं, यात वडील बरोबर आहेत. बारावीला त्या तीन विषयांत मिळून ओपनला ४५ टक्के म्हणजे ३०० पैकी १३५ आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के, हे वेगळं.

मेडिकलला उलट. एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, सगळं नीटवर, आणि नीटमध्ये मॅथ्स नाही. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायो आणि इंग्लिश हवं, एमबीबीएसला पीसीबीत ओपनला ५० टक्के, एससी, एसटी, ओबीसीला ४०. इथे मॅथ्स सोडल्याने कागदावर काहीच बिघडत नाही. बीएस्सी नर्सिंगलाही पीसीबीच.

फार्मसीला फिजिक्स-केमिस्ट्री कंपल्सरी आणि तिसरा मॅथ्स किंवा बायो, दोन्ही चालतं, सीईटीचा कुठलाही ग्रुप चालतो. शिवाजीनगरच्या ॲग्रिकल्चर कॉलेजला जायचं असेल, म्हणजे बीएस्सी ॲग्री, तरी पीसीएम किंवा पीसीबी दोन्ही चालतं. मायक्रोबायोलॉजी, बायोटेकची साधी बीएस्सी मॅथ्सशिवाय होते. लॉ, डिझाइन, मास कॉम, सायकॉलॉजीची बीए, याला कोणी विचारत नाही.

गंमत आहे ती मधल्या कोर्सेसची, आणि माझ्या अनुभवात मुलं फसतात ती इथेच, कारण इंजिनिअरिंग आणि मेडिकलचं सगळ्यांना माहीत असतं पण हे कोणी सांगत नाही. पुणे विद्यापीठाच्या बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला बारावीला मॅथ्स मागतात. दरवर्षी एकदोन मुली अशा येतात की नीटचं जमलं नाही, आता कॉम्प्युटरकडे वळू म्हणतात आणि मग कळतं की तिथे मॅथ्स हवं होतं. आर्किटेक्चरला फिजिक्स आणि मॅथ्स हवं, आणि ड्रॉइंग चांगलं म्हणून आर्किटेक्ट व्हायचंय असं म्हणणाऱ्या मुलांपैकी निम्म्यांना ते माहीतच नसतं. एनडीए आपल्या खडकवासल्याला, आता मुलींनाही घेतात: आर्मीला बारावी कुठल्याही शाखेची चालते, पण नेव्ही आणि एअरफोर्सला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स लागतं, आणि गंमत म्हणजे आर्मीला जायचं असलं तरी लेखी परीक्षेत ९०० पैकी ३०० मार्कांचा मॅथ्सचा पेपर सगळ्यांना सारखाच. म्हणजे नियमात मॅथ्स नाही पण परीक्षेत आहे. पायलटच्या लायसनला आजवर फिजिक्स-मॅथ्स लागत आलंय, आणि बारावीला ते नव्हतं म्हणून नंतर एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून ते दोन विषय देणारी मुलं बरीच असतात.

आयसर पुणे घ्या, पाषाणची ती सायन्स शिक्षण आणि संशोधनाची संस्था. रिसर्चची आवड असेल आणि बायो आवडत असेल तर हे नाव घरात कधीतरी निघणारच. तिथे बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो यातले तीन असले की चालतं. म्हणजे पीसीबीवाली मुलगी पात्र. पण त्यांची जी ॲप्टिट्यूड टेस्ट असते त्यात ६० प्रश्न, चारही विषयांचे १५-१५, आणि एखादा विषय सोडून द्यायची सोय नाही. बारावीला मॅथ्स नसलेल्या मुलीने ते १५ प्रश्न दहावीच्या जोरावर सोडवायचे. शिवाय आत गेल्यावर पहिल्या वर्षात मॅथ्स आहेच. तर पात्र असणं आणि आत शिरता येणं यात फरक असतो, आणि हे मी मुलांना घसा कोरडा होईपर्यंत सांगते.

आता तुमच्या मुलीचं. मला तिचे ६१ मार्क फारसे काही सांगत नाहीत. मला बघायचंय ते तिचे प्रिलिमचे पेपर, बीजगणित वेगळं आणि भूमिती वेगळी. शाळेतून मिळाले असतील तर काढा. भूमितीत समरूपता, वर्तुळ यांची प्रमेयं लिहिताना मार्क गेले असतील तर मी अजिबात घाबरणार नाही, कारण अकरावी-बारावीच्या मॅथ्समध्ये तसली प्रमेयं लिहायची जवळजवळ वेळच येत नाही. पण बीजगणितात वर्गसमीकरणं, अंकगणिती श्रेढी इथे गाडी अडत असेल, चिन्हं चुकत असतील, बाजू बदलताना प्लसचं मायनस होत नसेल, आणि त्रिकोणमितीत सूत्र पाठ आहे पण कुठे लावायचं ते कळत नसेल, तर मग अकरावी जड जाते. अकरावीला सुरुवातच कोन आणि त्रिकोणमितीने होते, पुढे निर्धारक, सरळ रेषा, वर्तुळ, शांकव, दुसऱ्या पुस्तकात संमिश्र संख्या, क्रमचय-संचय, मर्यादा, विकलन. बारावीला विकलन-संकलनातच अर्धं वर्ष जातं. हे सगळं बीजगणिताच्या हातावर चालतं. हात बसलेला नसला तर पाठांतराने निघत नाही, तिथे मॅथ्सचा पेपर पास होतो पण सीईटी निघत नाही.

आणि अजून एक, मॅथ्स सोडलं की मॅथ्स सुटत नाही हो ताई. अकरावीच्या फिजिक्सच्या पुस्तकात दुसराच धडा गणितीय पद्धती म्हणून आहे, त्यात व्हेक्टर आहेत, थोडं विकलन, थोडं संकलन आहे. पीसीबीच्या मुलांना तेवढ्यावर सगळं फिजिक्स ओढायचं असतं, आणि नीटमध्ये पोरं बायोत नाही, फिजिक्समध्ये अडकतात, हे कुठल्याही क्लासच्या सरांना विचारा. तुमची मुलगी बायो आवडतं म्हणून बायो घेत असेल तर छानच. पण मॅथ्सची भीती वाटते म्हणून बायोकडे पळत असेल तर ती भीती फिजिक्सच्या वर्गात जाऊन परत भेटते. हा फरक तिच्याशी बोलून काढा, वडील समोर नसताना, आणि "तुला काय व्हायचंय" असं विचारू नका, त्या वयात कोणालाच माहीत नसतं. दहावीच्या सायन्सच्या पुस्तकातला कुठला धडा परत वाचायला आवडेल ते विचारा. आनुवंशिकता म्हणाली तर एक, गुरुत्वाकर्षण म्हणाली तर दुसरं.

माझा सल्ला विचाराल तर: मेडिकल नाहीतर बायोचंच काहीतरी हे मनापासून पक्कं असेल, आणि बीजगणिताचा पेपर खरंच वाईट असेल, तर मॅथ्स सोडू द्या, त्यात काही आकाश कोसळत नाही. क्लासवाले पीसीएमबी म्हणतात त्यात त्यांचं पॅकेज पण असतं हे लक्षात ठेवा, नीट आणि सीईटी दोन्हीच्या फिया घेता येतात. पण पक्कं नसेल, आणि बीजगणित बरं असेल, तर अकरावीला पीसीएमबी ठेवा आणि दिवाळीपर्यंत बघा. नीट, जेईई, सीईटी अशा तिन्ही क्लासना एकदम घालू नका, ते मात्र मुलांची वाट लावतं. पीसीएमबी म्हणजे कॉलेजचे सहा विषय, तीन एन्ट्रन्स नव्हेत. एन्ट्रन्स एकच धरा, दुसरी बाजू नुसती उघडी ठेवा.

विषय बदलायचा तर अकरावीतच आणि जितक्या लवकर तितकं बरं. अर्ज कॉलेजच्या ऑफिसमधून जातो, तारीख असते, आणि बायोच्या किंवा जॉग्रफीच्या तुकडीत जागा आहे का हे कॉलेज बघतं कारण लॅबच्या बॅचेस ठरलेल्या असतात. मॅथ्सकडून बायोकडे किंवा जॉग्रफीकडे जाणं सोपं पडतं. उलटं, म्हणजे जॉग्रफी सोडून मधेच मॅथ्स घेणं, नियमाने जमलं तरी अभ्यासाने जमत नाही, तोवर अर्धा पोर्शन होऊन गेलेला असतो. म्हणूनच शंका असेल तर घेऊन सोडा, न घेता परत येणं महाग पडतं. बारावीला गेल्यावर बदल हवा असेल तर विभागीय मंडळाची परवानगी, कारणं, फी, सगळं आलं, त्या फंदात पडू नका.

आणि वडिलांना सांगा की मॅथ्स सोडलं म्हणजे जन्माचं सुटलं असंही नाही. बारावी पास झाल्यावर बोर्डात तुरळक विषय म्हणून एक प्रकार असतो, राहिलेला एखादा विषय घेऊन नंतर परीक्षा देता येते. पीसीबी झालेली मुलं मॅथ्स देतात, पीसीएमवाले बायो देतात. नीटच्या बाबतीत तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये सूचना काढून स्पष्ट केलं की बारावीनंतर बायो जादा विषय म्हणून पास केलेलं पण चालेल. पण त्यात एक वर्ष जातं, बायोला प्रॅक्टिकल पूर्ण करायला कॉलेज शोधावं लागतं, आणि नुसतं पास होणं आणि एन्ट्रन्सला उपयोगी पडेल इतकं येणं यात पुन्हा तोच फरक. शेवटचा उपाय म्हणून माहीत असू द्या, आधीपासून त्याच्या भरवशावर राहू नका.

डिप्लोमाबद्दल पण कोणीतरी सांगेलच. दहावीनंतर पॉलिटेक्निक तीन वर्षं, मग थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, बारावी नाही, सीईटी नाही. रस्ता चांगला आहे, गणेशखिंडीतल्या सरकारी पॉलिटेक्निकमधून निघालेली पोरं प्रॅक्टिकलमध्ये डिग्रीवाल्यांना भारी पडतात. पण तिथे पहिल्या वर्षी मॅथ्स आहे आणि ते सोडता येत नाही. मॅथ्स टाळायला डिप्लोमा घेणारा मुलगा पहिल्याच सेमिस्टरला त्याच विषयात केटी लावून बसतो, हे बघून बघून कंटाळा आलाय.

कॉमर्सचं दोन ओळीत सांगते, कारण मॅथ्सची भीती असणाऱ्या घरात तोही विचार चालू असतो. कॉमर्सला मॅथ्स की एसपी, म्हणजे चिटणिसाची कार्यपद्धती, असा पर्याय असतो. कॉमर्सचं मॅथ्स वेगळंच आहे, त्यात कमिशन-दलाली, विमा, निर्देशांक, कालश्रेणी असं आहे, त्रिकोणमितीची ती भानगड नाही, आणि सायन्सच्या मॅथ्सला घाबरलेली बरीच मुलं त्यात छान मार्क काढतात. सीए करायचं असेल तर बारावीला मॅथ्स कंपल्सरी नाही, पण फाउंडेशनला बिझनेस मॅथ्स, लॉजिकल रीझनिंग आणि स्टॅटिस्टिक्सचा १०० मार्कांचा पेपर आहे. एसपीवाल्यांना तिथे घाम फुटतो.

आणि एखाद्या मुलाला आकडेच कळत नसतील, म्हणजे आळस नाही, अभ्यास नाही म्हणून नाही, तर पाचवी-सहावीपासून पाढे राहत नाहीत, संख्या उलट्या लिहितो, वेळ सांगता येत नाही, तर ते डिस्कॅल्क्युलिया असू शकतं. अशा मुलांना बोर्डात दहावीला बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं गणित आणि जोडीला एक कार्यानुभवाचा विषय अशी सवलत आहे, जादा वेळ आहे, कॅल्क्युलेटरची सवलत आहे. पण त्याला मान्यताप्राप्त केंद्राचं प्रमाणपत्र लागतं आणि ते प्रकरण आठवी-नववीत सुरू करावं लागतं, दहावीच्या जानेवारीत धावून उपयोग नसतो. तुमच्या ६१ वालीला याची गरज दिसत नाही, पण वाचणाऱ्या कोणाला तरी असेल म्हणून लिहिलं. तसंच सीबीएसईमधून येणाऱ्यांनी एक बघा, तिथे २०१९-२० पासून दहावीला मॅथ्स बेसिक आणि स्टँडर्ड असं दोन प्रकारचं आहे. बेसिक घेतलं असेल आणि अकरावीला इथे मॅथ्स हवं असेल तर ॲडमिशनच्या आधी कॉलेजला मार्कशीट दाखवून लेखी विचारून घ्या.

आता फॉर्मचं. अकरावीची ऑनलाइन ॲडमिशन २०२५-२६ पासून सगळ्या राज्यात झाली, पुण्यात तर आधीपासूनच होती. त्या फॉर्ममध्ये तुम्ही शाखा, माध्यम आणि कॉलेज भरता, विषयांचं कॉम्बिनेशन कॉलेजात ॲडमिशन घेताना ठरतं, बायफोकल मात्र वेगळं असतं. म्हणजे कॉलेज मिळाल्यावर ज्या दिवशी कागद घेऊन जाल त्या दिवशी टेबलावर दोन मिनिटांत विषय विचारतात, मागे रांग असते, आणि घरात महिनाभर चाललेलं भांडण तिथे क्लार्कसमोर मिटवायची वेळ येते. जाण्याआधी ठरवून जा. क्लासशी टाय-अप असलेल्या कॉलेजात तर तुकडी पाहूनच विषय देऊन टाकतात, तुम्ही विचारल्याशिवाय सांगत नाहीत, आणि ७५ टक्के हजेरीचा नियम तिथेही आहे हेही सांगत नाहीत.

विषय भरले की पावतीवर किंवा आयडीच्या फॉर्मवर कोड तपासून घ्या. फिजिक्स ५४, केमिस्ट्री ५५, बायो ५६, मॅथ्स ४०, जॉग्रफी ३९, सायन्सचं आयटी ९७. मॅथ्सचा ८८ दिसला तर तो कॉमर्सचा आहे, तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. बारावीचा बोर्डाचा फॉर्म कॉलेजच भरतं, पण त्याची प्रत सहीला येते तेव्हा हेच कोड परत बघायचे, मुलीने नुसती सही करून देऊ नये.

प्रिलिमचे पेपर मिळाले तर बीजगणितातले मार्क कुठे गेले ते इथे लिहा, मग नीट सांगता येईल.